जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी मेल नक्की कुठे आहेत ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत छोटी फौंड्री, ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर, त्यात आउटलुक. मेल स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे पत्त्यात कंपनीचंच नाव असलेला. नवीन लॅपटॉप आणला, त्यात आउटलुक टाकून तोच मेल जोडला, सगळे मेल व्यवस्थित उतरले. दुसऱ्या दिवशी मालकांच्या मोबाईलमधले जुने मेल गायब. शिवाय आजवर पाठवलेले मेल लॅपटॉपवर दिसतच नाहीत. मोबाईल बिघडला की व्हायरस आला, असं तुम्ही विचारताय, आणि जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून गोडाऊनच्या कामाला द्यायचा विचार आहे. जोडीला दुसरा प्रश्न: सरकारी ऑफिसातून येणाऱ्या कन्नड पत्रांची अटॅचमेंट उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आउटलुक काढून थंडरबर्ड हे मेलचं दुसरं सॉफ्टवेअर टाकलं तर तो जाईल काय?

सगळ्यात आधी एकच सांगतो. जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका. लॅपटॉपवरचं आउटलुकही बंद करून ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असा, की आलेले मेल आता सर्व्हरवर, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, राहिलेले नाहीत; ते फक्त तुमच्या या दोन मशीनवर उरलेत. पाठवलेल्या मेलची तर एकच प्रत आहे आणि ती जुन्या कॉम्प्युटरवर आहे. मोबाईल ठणठणीत असणार. त्याने फक्त सर्व्हरवर जे घडलं ते दाखवलं.

बेळगावात ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं मी बरीच वर्षं करतोय. उद्यमबाग, मच्छे, शहापूरच्या पेठेतली दुकानं, खाली निपाणीपर्यंत. नवीन मशीन आलं की ही तक्रार हमखास येते, आणि दर वेळी मुळाशी तीच गोष्ट असते: मेल जोडताना ‘पॉप’ निवडलं की ‘आयमॅप’, हे कोणी बघितलेलंच नसतं. म्हणून आधी हे चालतं कसं ते सांगतो. ते कळलं की पुढचं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

तुमच्या पुण्याच्या गिऱ्हाईकाने मेल पाठवला की तो तुमच्या आउटलुककडे येत नाही. त्याचा सर्व्हर तुमच्या डोमेनच्या नोंदी बघतो, या डोमेनचे मेल कुठला सर्व्हर घेतो हे शोधतो आणि मेल तिथे नेऊन ठेवतो. तुमचा कॉम्प्युटर तेव्हा बंद असला तरी काही अडत नाही. आउटलुक, थंडरबर्ड, मोबाईलमधलं मेलचं ॲप हे सगळे क्लायंट. ते नंतर कधीतरी सर्व्हरच्या दारात जातात आणि विचारतात, माझ्यासाठी काय आलंय? हे विचारायच्या दोन पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. मेल पाठवायची पद्धत वेगळीच, तिचं नाव एसएमटीपी. म्हणून तर ‘मेल येतात पण जात नाहीत’ अशी तक्रार होऊ शकते. येण्याची आणि जाण्याची व्यवस्था एकाच खिडकीत दिसत असली तरी आतून वेगवेगळी आहे. तिचे सर्व्हर, तिचे पोर्ट (सर्व्हरच्या दाराचे ठरलेले नंबर), कधी कधी तर तिचा पासवर्डही वेगळा भरावा लागतो.

पॉप आणि आयमॅपमधला फरक आपल्याकडच्या माणसाला जमिनीच्या उताऱ्यावरून लगेच कळतो. आयमॅपमध्ये मूळ दप्तर तालुका ऑफिसात राहतं आणि तुमच्याकडे त्याचा उतारा असतो. पॉपमध्ये तुम्ही दप्तरातली पानंच काढून घरी आणता.

पॉप ही जुनी पद्धत. तिचा पहिला आराखडा १९८४ चा, आणि आज जी तिसरी आवृत्ती चालते तिचा सध्याचा मसुदा १९९६ चा. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं आणि जितका वेळ लाईन चालू तितकं बिल चढायचं. सर्व्हरवर जागाही मोजून मिळायची. त्यामुळे लाईन जोडा, मेल ओढून घ्या, सर्व्हर रिकामा करा, लाईन तोडा, हे शहाणपणाचंच होतं. बेळगावातल्या कितीतरी ऑफिसांची मेलची व्यवस्था त्या काळात बसलेली आहे. मशीन बदलली, विंडोज बदललं, पण जुन्या कॉम्प्युटरवरचं बघून नव्यावर तसंच भरायचं ही रीत चालू राहिली. तुमच्या लॅपटॉपवर पॉप आलं ते असंच आलं असणार.

पॉपचं आतलं संभाषण अगदी साधं आहे. क्लायंट पोर्ट ९९५ वर जातो, नाव आणि पासवर्ड सांगतो. मग विचारतो, किती मेल आहेत? सर्व्हर यादी देतो. प्रत्येक मेलला एक कायमची खूण असते, ती बघून क्लायंट ठरवतो यातले कुठले आपण आधी नेलेत. राहिलेले एकेक करून मागून घेतो. शेवटी, सेटिंग तसं असेल तर, ‘हे पुसून टाक’ असं सांगतो आणि निरोप घेतो. इथे एक बारकावा आहे. पुसायला सांगितलं तरी सर्व्हर लगेच पुसत नाही, फक्त खूण करून ठेवतो. क्लायंटने रीतसर निरोप घेतल्यावरच खरं पुसणं होतं. मधेच तार तुटली तर सर्व्हर सगळ्या खुणा काढून टाकतो आणि मेल जिथल्या तिथे राहतात. पावसाळ्यात लाईट गेली, कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहिला पण राउटर बंद पडला, आणि लाईट आल्यावर तेच मेल दोन-दोन वेळा उतरले, असं तुम्ही कधी बघितलं असेल तर त्याचं कारण बहुतेक हेच.

‘पुसून टाक’ म्हणायचं की नाही हे ठरवणारं सेटिंग म्हणजे ‘लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर’. त्यासमोर टिक असेल तर मेल उतरवूनही सर्व्हरवर प्रत राहते. टिक नसेल तर उतरले की गेले. खाली आणखी एक ओळ असते, ‘इतक्या दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका’, आणि त्यात पुष्कळदा १४ हा आकडा आधीच भरलेला असतो. हा आकडा फार फसवा आहे. लॅपटॉप जोडला त्या दिवशी काहीच होत नाही, दोन आठवड्यांनी मोबाईल रिकामा होतो, आणि तोवर लॅपटॉपचा संबंध कोणाच्या डोक्यातही येत नाही.

आयमॅप १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी रचलं. त्यात मूळ मेल, त्यांचे फोल्डर, वाचला-न वाचला ही खूण, उत्तर दिलं ही खूण, झेंडा, सगळं सर्व्हरवर राहतं. क्लायंट आपल्याकडे ठेवतो ती कामापुरती प्रत. मोबाईलवर मेल वाचला की कॉम्प्युटरवरचा ठळक अक्षरातला विषय साधा होतो, कारण खूण एकाच ठिकाणी लागते आणि बाकीचे ती येऊन बघतात. आयमॅप क्लायंट अख्खा मेल न आणता आधी फक्त विषय आणि पाठवणारा एवढंच आणू शकतो, मोठं अटॅचमेंट तुम्ही बोट लावल्यावर आणतो. ‘काही आलं की मला कळव’ असं सांगून लाईन धरूनही बसतो. ही लाईन निष्क्रिय समजून सर्व्हरने तोडू नये म्हणून निदान दर २९ मिनिटांनी ती विनंती नव्याने करावी, असा संकेत त्या नियमातच लिहिलेला आहे. खानापूरच्या बाजूला मोबाईलची रेंज येऊन-जाऊन असते तिथे ही धरलेली लाईन सारखी तुटते आणि मेल उशिरा कळतो. मेल हरवलेला नसतो, सर्व्हरवर बसलेला असतो.

आता तुमच्याकडे काय घडलं ते जुळवून बघू. जुना कॉम्प्युटर पॉपवर, पण सर्व्हरवर प्रत ठेवायची टिक लावलेली. म्हणून मालकांच्या मोबाईलवर, जो आयमॅपवर असणार, जुने मेल दिसत होते. नवीन लॅपटॉप पॉपवर, पण टिक नाही. त्याने सर्व्हरवरचं होतं-नव्हतं ते सगळं उतरवलं आणि सर्व्हर पुसला. मोबाईलने पुढच्या फेरीत सर्व्हर रिकामा बघितला आणि आपल्याकडची प्रतही काढून टाकली. मूळ दप्तराशी जुळवून घेणं हेच त्याचं काम. आणि पाठवलेले मेल? पॉपमध्ये पाठवलेल्या मेलची प्रत सर्व्हरवरच्या पेटीत राहतच नाही. एसएमटीपीने मेल पुढे गेला की क्लायंट त्याची एक प्रत स्वतःच्या ‘सेंट’मध्ये ठेवतो, त्याच मशीनवर. आयमॅप क्लायंट मात्र तो मेल दुसऱ्यांदा, सर्व्हरच्या सेंट फोल्डरमध्ये नेऊन ठेवतो. जुन्या कॉम्प्युटरवरून गेलेली कोटेशनं, टेस्ट सर्टिफिकेटं, पेमेंटची आठवण करून दिलेली पत्रं ही सगळी जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरच आहेत. फॉरमॅट केला असता तर ती कायमची गेली असती.

हा माझा अंदाज आहे, आणि तो दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे. मोबाईलचं ॲप कधी कधी फक्त गेल्या काही दिवसांचे किंवा महिन्याचेच मेल दाखवायला लावलेलं असतं. तसं असेल तर काहीच पुसलं गेलेलं नाही. मेलबॉक्सची जागा भरून कोणीतरी वेबमेलमधून जुने मेल काढले असतील तर गोष्ट वेगळी. आणि मोबाईल स्वतःच पॉपवर असेल तर तिसरीच. म्हणून आधी तपास करा. ब्राउझर उघडून वेबमेलमध्ये जा. वेबमेल म्हणजे थेट सर्व्हरवर काय आहे ते, मध्ये कोणाची प्रत नाही. तिथे जुने मेल दिसले तर निवांत बसा, फक्त मोबाईलचं सेटिंग बदलायचं आहे. तिथेही नसतील तर माझा अंदाज बरोबर, आणि मोबाईलवरचा मेल शंभर वेळा काढून जोडला तरी काही परत येणार नाही. ज्यांच्याकडून डोमेनचा मेल घेतलाय त्यांना त्याच दिवशी फोन करून बॅकअप आहे का विचारा. असा बॅकअप असला तर थोडेच दिवस ठेवलेला असतो, नंतर त्यावर नवा चढतो.

मग दोन्ही मशीनवर आउटलुकमध्ये फाईल, अकाउंट सेटिंग्ज उघडा. मी नेहमीच्या क्लासिक आउटलुकबद्दल बोलतोय. यादीत मेल पत्त्यासमोर पॉप लिहिलंय की आयमॅप ते स्पष्ट दिसेल. लॅपटॉपवर पॉप दिसलं तर आउटलुक जास्त वेळ उघडं ठेवू नका, कारण ते दर काही मिनिटांनी सर्व्हरवरचे नवे मेलही ओढून घेत राहतं. नेट बंद करून हे काम केलंत तर उत्तमच. शेजारच्या ‘डेटा फाइल्स’ टॅबवर गेलात तर मेल कुठल्या फाईलमध्ये आहेत आणि ती डिस्कवर कुठे आहे तेही कळेल. पॉपचे मेल असतात त्या फाईलचं शेपूट पीएसटी. आयमॅपचे असतील तर, आउटलुक २०१३ पासून, ओएसटी.

हा पीएसटी-ओएसटीचा फरक नीट ध्यानात घ्या, कारण इथे चांगले-चांगले फसतात. पीएसटी ही पूर्ण पेटी आहे. पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशीनवर उघडता येते. ओएसटी ही त्या मशीनवरच्या त्या खात्यापुरती कामचलाऊ प्रत आहे, दुसऱ्या मशीनवर नेऊन उघडत नाही. ओएसटी कॉपी करून ‘बॅकअप घेतला’ म्हणत मशीन फॉरमॅट केलेली ऑफिसं मी बघितली आहेत. थंडरबर्डचं बरं आहे. ते मेल साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवतं, एका फोल्डरची एक फाईल. त्याचं अख्खं प्रोफाइल फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं तरी चालतं.

आता कामाला लागा. आउटलुक पूर्ण बंद करा, कारण उघडं असताना पीएसटी धरून ठेवलेली असते आणि कॉपी अर्धवट होते. दोन्ही मशीनच्या पीएसटी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, नाव देऊन. फाईलचा आकार मूळ आणि कॉपी दोन्हीकडे सारखा आहे ना बघा. ही डिस्क कपाटात ठेवा आणि पुढचं सगळं होईपर्यंत तिला हात लावू नका. जुन्या कॉम्प्युटरवर फार जुनं आउटलुक असेल, २००२ किंवा त्याआधीचं, तर त्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती आणि मर्यादेला टेकली की ती बिघडायची. आउटलुक २०१० पासून मर्यादा ५० जीबी आहे. बिघडलेली पीएसटी दुरुस्त करायचं साधन आउटलुकबरोबरच येतं, पण तेही कॉपीवर चालवा, मूळ फाईलवर नको.

त्यानंतर मेलच्या जागेचा हिशेब. तुमच्या मेलबॉक्सला सर्व्हरवर किती जागा आहे आणि पीएसटी किती मोठ्या आहेत ते बघा. जागा ५ जीबी आणि मेल १२ जीबीचे असतील तर सगळं वर चढवता येणार नाही. एक तर जागा वाढवून घ्या, नाही तर चालू आणि मागच्या एक-दोन वर्षांचे मेल सर्व्हरवर आणि त्याआधीचे पीएसटीमध्ये, अशी वाटणी करा. फौंड्रीच्या ऑफिसात ड्रॉइंग येत-जात असल्यामुळे जागा भराभर भरते. त्यात अटॅचमेंट मेलमधून जाताना मूळ आकाराची राहत नाही. मेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेला, म्हणून १९९२ साली ‘माइम’ नावाचा नियम ठरला आणि फाईलचं रूपांतर अक्षरांत करून ती पाठवायची सोय झाली. त्या रूपांतरात फाईल एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते. सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असेल तर १८ एमबीच्या आसपासची फाईलच तिला टेकते. आउटबॉक्समध्ये मेल अडकून बसतो आणि मागचे सगळे रांगेत तुंबतात, ते बऱ्याचदा यामुळे. मोठं ड्रॉइंग गूगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेवर ठेवून लिंक पाठवा.

जागा ठरली की लॅपटॉपवर तोच मेल पत्ता आयमॅपने नव्याने जोडा. सेटिंग हाताने भरायचा पर्याय निवडा, नाहीतर आउटलुक स्वतःच्या मनाने ठरवतं. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५ किंवा ५८७, दोन्हीकडे पासवर्डची ओळख लागू. २५ हा जुना पोर्ट भरू नका. इंटरनेट देणाऱ्या बऱ्याच कंपन्या तो अडवतात, कारण स्पॅम तिथूनच सुटतो. आयमॅप नीट चालतंय, म्हणजे वेबमेलमध्ये दिसतं तेच इथे दिसतंय, याची खात्री झाली की जुनं पॉप खातं लॅपटॉपवरून काढा. मेलची पीएसटी डिस्कवर राहते, आणि तुमच्या कपाटात तिची प्रत आहेच. डेटा फाइल्समधून ती पुन्हा जोडून घ्या म्हणजे डाव्या बाजूला दोन पेट्या दिसतील, एक आयमॅपची आणि एक जुनी.

आता जुन्या पेटीतले मेल आयमॅपच्या पेटीत ‘कॉपी’ करा. मूव्ह नको, कॉपीच. आणि एकदम सगळे नको. आधी दहा-वीस मेल टाकून बघा, वेबमेलमध्ये दिसतात का, अटॅचमेंट उघडतात का. मग वर्षवार फोल्डर करून वर्षा-वर्षाने चढवा. हे अपलोड आहे, त्यामुळे वेळ लागतो. संध्याकाळी ऑफिस सुटताना एक वर्ष लावून जावं, सकाळी बघावं. चढवल्यावर काही मेलांसमोर आजची तारीख दिसू लागली तर घाबरू नका. सर्व्हर मेल स्वतःकडे आल्याची तारीख वेगळी ठेवतो आणि पाठवणाऱ्याने लिहिलेली तारीख मेलच्या आतच असते. आउटलुकमध्ये ‘रिसीव्हड’ऐवजी ‘सेंट’ तारखेचा रकाना लावून क्रम लावा, सगळं जागेवर येईल. जुन्या कॉम्प्युटरची पीएसटीही अशीच लॅपटॉपवर उघडा आणि तिच्यातला सेंट फोल्डर आयमॅपच्या सेंटमध्ये चढवा. तुम्हाला खरं पाहिजे होतं ते इथे मिळेल: मालकांच्या मोबाईलवरून तीन वर्षांपूर्वीचं कोटेशन शोधता येईल. जुन्या कॉम्प्युटरचा इनबॉक्स चढवायची सहसा गरज नाही, कारण त्यातले बहुतेक मेल लॅपटॉपने सर्व्हरवरून आणलेलेच असतात आणि उगाच दुहेरी होतात. पण सर्व्हरवरून कोणी कधी जुने मेल काढले असतील तर तेवढी वर्षं जुन्या पेटीतच सापडतील. दोन्ही इनबॉक्समधला सगळ्यात जुना मेल कुठल्या तारखेचा आहे, एवढं ताडून बघा.

जुना कॉम्प्युटर कधी फॉरमॅट करायचा? वेबमेलमध्ये दोन्हीकडचे मेल दिसले, मोबाईलवर शोधून सापडले आणि कपाटातल्या डिस्कवरची पीएसटी दुसऱ्या एखाद्या मशीनवर उघडून बघितली, त्यानंतर. मी तर गिऱ्हाईकाला त्यानंतरही महिनाभर थांबायला सांगतो. महिनाअखेरीला बिलांची जुळवाजुळव करताना काही राहिलं असेल तर तेव्हाच कळतं.

आयमॅपवर गेल्यावर ऑफिसच्या सवयी थोड्या बदलाव्या लागतील, हे आधीच सांगून ठेवतो. खूण सर्व्हरवर असल्यामुळे मालकांनी मोबाईलवर मेल नुसता उघडला तरी ऑफिसात तो ‘वाचलेला’ दिसेल, आणि ज्याने उत्तर द्यायचं तो समजेल की झालं काम. तेव्हा काम व्हायचं असलेल्या मेलवर झेंडा लावायचा आणि झाल्यावर काढायचा, एवढं सगळ्यांनी पाळलं तरी पुरतं. त्याहून चांगलं म्हणजे खरेदी आणि अकाउंट्सला वेगळे पत्ते घ्या. दुसरं, पासवर्ड बदला. सर्व्हर रिकामा करणाऱ्या पॉपमध्ये पासवर्ड बाहेर गेला तर नवे न उतरलेले मेल तेवढे दिसायचे; आता सगळा इतिहास सर्व्हरवर आहे, ज्याच्याकडे पासवर्ड त्याच्याकडे सगळं. सोडून गेलेल्या माणसांना जुना पासवर्ड माहीत असतो, हे छोट्या ऑफिसात कोणी मनावर घेत नाही आणि घ्यायला पाहिजे.

आणि आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर चुकून फोल्डर पुसला तर तो मोबाईलवरूनही जाईल, सर्व्हरवरूनही जाईल. आरशासारखं जुळवून घेणं हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका. दर तीन-चार महिन्यांनी आउटलुकमधून आयमॅपची पेटी पीएसटीमध्ये एक्सपोर्ट करून बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याआधी खात्याच्या सेटिंगमध्ये ‘किती काळाचे मेल ऑफलाइन ठेवायचे’ ही सरकपट्टी ‘ऑल’वर आहे ना बघा. ती एका वर्षावर असेल तर एक्सपोर्टमध्ये एकाच वर्षाचे मेल येतात आणि फाईल मात्र नीट झाल्यासारखी दिसते.

आता तुमचा कन्नड पत्रांचा प्रश्न. आपल्याकडे सरकारी कागद कन्नडमध्ये, गिऱ्हाईकांशी बोलणं मराठीत, बिलं इंग्रजीत, त्यामुळे हा त्रास सीमाभागात प्रत्येक ऑफिसला आहे. यात तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांना औषध वेगळं.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर मशीनवर कन्नड फॉन्ट नाही. आजच्या विंडोजमध्ये कन्नड आणि देवनागरी दोन्ही लिपी दाखवणारा निर्मला यूआय हा फॉन्ट येतोच, त्यामुळे हे आता फारसं दिसत नाही.

मेलच्या मजकुरातच कचरा दिसत असेल तर नीट बघा. डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन छोटं ‘ए’ जवळजवळ प्रत्येक अक्षराआड पुन्हा पुन्हा येतंय का? येत असेल तर मजकूर युनिकोडमध्येच (सगळ्या लिपींसाठी ठरलेल्या एकाच संकेतात) आहे, फक्त मेलवरची संकेताची चिठ्ठी चुकलीय आणि क्लायंट ती कन्नड अक्षरं युरोपीय लिपी समजून वाचतोय. असे एकेक अक्षर तीन बाइटचं असतं आणि क्लायंट ते तीन सुट्टी अक्षरं म्हणून दाखवतो. हे मात्र क्लायंटच्या हातात आहे. आउटलुकमध्ये मेल उघडून एन्कोडिंग युटीएफ-८ निवडा, थंडरबर्डमध्ये ‘टेक्स्ट एन्कोडिंग दुरुस्त करा’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तो दाबा. अक्षरं जागेवर येतात.

तुम्ही सांगताय तो तिसरा प्रकार आहे. मेल नीट वाचता येतो, अटॅचमेंटची वर्डची फाईल उघडली की साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं विस्कटलेली दिसतात. ती फाईल ‘नुडी’ किंवा ‘बरहा’ या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असणार. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर कन्नड आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट मशीनवर नसला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. मराठीत जुन्या श्रीलिपीच्या फाईलींचं हेच होतं. यात मेलच्या क्लायंटचा काडीचाही संबंध नाही. त्याने फाईल आली तशी बाइट-बाइट पोचवलीय. आउटलुक काढून थंडरबर्ड टाकलंत तरी वर्डमध्ये उघडल्यावर तेच दिसणार. तो नुडी फॉन्ट मशीनवर टाका, फाईलमधला मजकूर निवडून तो फॉन्ट लावा, पत्र वाचता येईल. त्याच ऑफिसातून नेहमी पत्रं येत असतील तर तिथल्या क्लार्कना फोन करून पत्र पीडीएफ करून पाठवायला सांगा. पीडीएफमध्ये फॉन्ट फाईलच्या आतच बसून येतो, तुमच्याकडे असो वा नसो, आणि मालकांना मोबाईलवरही ते पत्र सरळ वाचता येतं.